शेजारच्या बाईंचं दक्षिणमुखी घर

टेक्ससमधल्या अर्विंगच्या या गल्लीत आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात मी शेजारच्या बाईंना रव्याचे लाडू नेऊन दिले आणि देता देताच सांगितलं की ते बिघडलेत. जरा कडक झालेत, साखरही कमी पडलीय, पण गोड मानून घ्या, असं काहीतरी मी इंग्रजीत म्हणाले. 'गोड मानून घ्या'चं इंग्रजी काय केलं होतं देव जाणे, बहुतेक 'प्लीज ॲडजस्ट' म्हणाले असेन. बाईंनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "हनी, मग तू ते मला का दिलेस?"

 खरं म्हणजे लाडू झकास झाले होते. पाक नेमका साधला होता, बेदाणे तुपात फुगले होते आणि घरात नवऱ्याने डबा भरायच्या आधीच चार उडवले होते. पण आपल्याकडे पदार्थ पुढे ठेवताना त्याची निंदा करायची असते. 'आज काही जमलं नाही बाई' असं सुगरणीने म्हणायचं आणि 'छे छे, काहीतरीच काय, फर्स्ट क्लास झालंय' असं पाहुण्याने म्हणायचं. टाळी एका हाताने वाजत नाही. बाईंना त्यांच्या वाटणीचं वाक्य माहीत नव्हतं, म्हणून माझं वाक्य तसंच हवेत लोंबकळत राहिलं. बाईंनी लाडू चाखला, त्यांचे डोळे मोठे झाले आणि त्या म्हणाल्या, "यात बिघडलंय काय?" मी म्हणाले, "काही नाही." त्यावर त्या जे हसल्या, ते हसणं पुढे मी नऊ वर्षं शेजारून ऐकलं.

बाई मूळच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, मिसिसिपीच्या. लग्न होऊन टेक्ससला आलेल्या, आणि टेक्सस म्हणजे काही खरं साउथ नव्हे असं त्यांचं ठाम मत. पुण्यात मिळणाऱ्या सांबारवडीबद्दल आम्हा नागपूरकरांचं जसं असतं तसंच. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. दारातल्या मेलबॉक्सपर्यंत जायचं तरी ओठांना लिपस्टिक, दर शुक्रवारी केस सेट करून आणलेले, गळ्यात मोत्यांची एक बारीक सर. बागेत खुरपं घेऊन बसल्या तरी ती सर गळ्यात असे. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसालाही त्या 'सर' म्हणत आणि तो माणूस त्यांचा डबा परत दाराशी आणून ठेवी. आमचा डबा रस्त्यातच आडवा पडलेला असायचा.

मला सुरुवातीला हे सगळं नाटकी वाटलं होतं. आमच्या घरी आरशासमोर जरा वेळ उभं राहिलं की आई म्हणायची, "झालं का? आता पुस्तकासमोर पण तेवढाच वेळ बस." नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी तेल लावून, घट्ट वेणी घालून आणि भावाला लहान झालेले शर्ट घालून चार वर्षं काढली. नटणाऱ्या मुली नापास होतात असा माझा पक्का समज होता. त्या झाल्या नाहीत. त्यातली एक आज इथेच अमेरिकेत, बॉथेलला मोठ्या हुद्द्यावर आहे आणि अजूनही नटते. मी मात्र नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आले, कामाची परवानगी नाही म्हणून कित्येक वर्षं घरी बसले, आणि परवानगी आली तोवर मला येत होत्या त्या कॉम्प्युटरच्या भाषा कोणी विचारेनाशा झाल्या होत्या.

म्हणून मी घरं विकायचं लायसन्स काढलं. हसू नका. इथे आपल्या लोकांतल्या बऱ्याच बायका हे करतात आणि काही जणी त्यात उत्तम कमावतात. मी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले, एका ब्रोकरच्या हाताखाली लागले आणि शनिवार-रविवार लोकांना घरं दाखवत गाडी पळवू लागले. ते म्हणजे पुण्याहून, नागपूरहून नव्याने आलेले आयटीवाले. माझ्याबरोबर सारी घरं बघायचे, मला काकू म्हणायचे, माझ्या थर्मासमधला चहा प्यायचे आणि शेवटी घर घ्यायचे चुलतभावाच्या ओळखीतल्या एजंटकडून. खरी कमाई आणि खरी पत असते ती लिस्टिंगमध्ये, म्हणजे घरमालकाने आपलं घर विकायचं काम तुमच्यावर सोपवण्यात. माझ्या नावावर एकही लिस्टिंग नव्हतं. दोन वर्षं झाली, ब्रोकर गोड बोलून 'हे तुम्हाला जमतंय का, विचार करा' असं सुचवू लागला होता. मलाही तोच विचार रात्रंदिवस छळत होता, फक्त मी तो कोणाला सांगत नव्हते.

बाईंना सांगितला. कसा कोण जाणे, पण त्यांच्याकडे बसलं की आपोआप सांगितलं जायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक छोटं टेबल होतं, तिथे बर्फ घातलेला गोड मिट्ट चहा पुढे यायचा, आणि बाई आपलं सगळं लक्ष तुमच्यावर ठेवून ऐकायच्या. मध्ये बोलायच्या नाहीत, घड्याळ बघायच्या नाहीत. इतकं लक्ष देऊन माझं त्याआधी फक्त डॉक्टरने ऐकलं होतं, तेही तपासणीची फी घेऊन.

त्यांची रीत मला पहिल्यांदा नीट कळली ती आकाशकंदिलामुळे. दिवाळी संपली तरी आमचा कंदील ओसरीवर होता, आणि एचओएची नोटीस आली. एचओए म्हणजे आपल्याकडची सोसायटीची कमिटी, फक्त इथली कमिटी गवताची उंचीसुद्धा बघते. मी तडकले. ख्रिसमसचे दिवे फेब्रुवारीपर्यंत लोंबतात ते यांना दिसत नाहीत का, अशी एक सणसणीत ईमेल लिहिली आणि पाठवण्याआधी बाईंना वाचून दाखवली. बाई म्हणाल्या, "छान लिहिलंयस. हे पाठवून तुला काय हवंय? दिवा, की भांडण?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मग आधी दिवा घेऊ. भांडण शिळं होत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक केक भाजला, मला नीट इस्त्रीचा कुर्ता घालायला लावला आणि कमिटीच्या अध्यक्षांच्या दारात नेऊन उभं केलं. तक्रारीचा शब्द काढला नाही. आमच्या गल्लीत इतका सुंदर दिवा पहिल्यांदाच लागलाय आणि तुम्ही अजून बघायला आला नाहीत, याचं मला वाईट वाटतं, एवढंच म्हणाल्या. तो गृहस्थ संध्याकाळी आला, कंदिलाखाली उभा राहिला, माझ्या मुलीने त्याला तो कसा करतात ते समजावलं. पुढच्या महिन्याच्या पत्रकात सगळ्या सणांच्या दिव्यांना एकच मुदत लागू झाली. मी खूश व्हायला हवं होतं, पण परत येताना माझी धुसफूस चालूच होती. "चूक त्यांची, मग केक आपण का न्यायचा?" मी विचारलं. "बायकांनीच का गोड व्हायचं प्रत्येक वेळी?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि तो अकाली गेल्यावर ते त्यांनी एकटीने चालवलं. कंपन्यांचे विक्रेते यायचे आणि विचारायचे, साहेब कुठे आहेत. "मी म्हणायचे, सापडले की तुम्हाला. आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्यांचा भाव पाडायचे," बाई म्हणाल्या. "मी गोड बोलते ते समोरच्याला खूश करायला नाही, हनी. तो घाबरला किंवा चिडला की ऐकत नाही, आणि मला त्याने ऐकायला हवं असतं. आणि लिपस्टिक लावते कारण ती लावली की मला आठवतं की मी कामावर आहे. केक सगळ्यांना नाही देत मी. काही लोकांना नुसता 'गुड मॉर्निंग' सुद्धा जास्त होतो."

हे मला सगळंच्या सगळं पटलं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या बाईंसारखं ताठ पाठीने दारात उभं राहता यावं असं मला फार वाटू लागलं, हे मात्र खरं. मग आमची शिकवणी सुरू झाली. कोणी साडीला छान म्हटलं की मी लगेच 'सेलमधली आहे, जुनी आहे' म्हणायचे. बाई बोट वर करायच्या. थँक्यू म्हण आणि गप्प बस. बाकी काही नाही. चाळिशीला आलेली बाई मी, आणि 'थँक्यू' म्हणून गप्प बसायला मला घाम फुटायचा. गप्प बसलं की वाटायचं आपण माजलोय. त्यांनी मला त्यांच्या केशकर्तनवालीकडे नेलं, एक गर्द मरून लिपस्टिक निवडून दिली आणि माझी साडी नेसण्याची पद्धत आपल्या दोन मैत्रिणींना कौतुकाने दाखवायला लावली. नवरा पुण्याचा, त्याने मला बघून चष्मा पुसला. "काय आज? कोणाचं लग्न आहे?" मी म्हणाले, "थँक्यू," आणि गप्प बसले. तो गोंधळला. ते मला फार आवडलं.

जुलैअखेर बाईंनी सांगितलं की त्या घर विकताहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉर्जियात असतो. त्यांना घरात दोनदा चक्कर आली होती, आणि मुलाच्या घराजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत एक छोटी जागा रिकामी होणार होती. ती जागा सप्टेंबरपर्यंतच राखून ठेवणार होते. बाई हे सांगताना चहात बर्फ घालत होत्या. मला आधी रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी इतक्या लवकर, मनात आलं: लिस्टिंग.

 पण आपल्यात असं मागत नाहीत. त्यांना माहीत आहे मी हेच काम करते, त्या आपणहून म्हणतील, असं मी धरून चालले. त्या म्हणाल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या की मुलगा येतोय, दोन-तीन एजंटना भेटणार आहे, तुलाही भेटायचं असेल तर गुरुवारी चारला ये.

गुरुवारी मी गेले. मुलगा पन्नाशीचा, आईसारखाच अदबशीर, मला खुर्ची ओढून देणारा. मी कागद काढले, आजूबाजूची घरं कशी गेली ते सगळं माझ्याकडे तयार होतं. आणि मी तोंड उघडलं ते असं: "मी तशी नवीनच आहे. अजून माझ्याकडे एकही लिस्टिंग झालेलं नाही. तुमच्याकडे मोठमोठे एजंट येतील, माझी तयारी तेवढी नाही, पण शेजारी आहे म्हणून म्हटलं, जमलं तर बघा." म्हणजे चक्क रव्याचे लाडू. आणि मी वाट बघत बसले की आता कोणीतरी 'छे छे, काहीतरीच काय' म्हणेल. मुलाने शांतपणे मान हलवली आणि माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. बाईंनी माझ्या पेल्यात चहा ओतला. एक शब्द बोलल्या नाहीत.

घरी येऊन मी धाडकन दार लावलं. नऊ वर्षं लाडू खाल्ले, मोदक खाल्ले, कंदिलाखाली फोटो काढले आणि ऐन वेळी मिठाची गुळणी धरून बसल्या. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पिच करायला गेली होतीस की कंप्लेंट करायला? यार, स्वतःच स्वतःला रिजेक्ट केलंस, तो बिचारा काय करणार?" मुलगी सोफ्यावरून न उठता म्हणाली, "आई, यू ऑलवेज डू दॅट." दोघांवरही ओरडले. खरं बोलणाऱ्या माणसांवर ओरडायला वेळ लागत नाही.

सकाळी उठून तशीच तरातरा शेजारी गेले. बाई पोर्चवर होत्या. मी म्हणाले, "तुम्ही काल माझ्यासाठी एक शब्दही बोलला नाहीत."

"नाही बोलले," बाई म्हणाल्या. "तू माझ्या मुलाला सांगितलंस की तुला हे काम येत नाही. माझ्याच टेबलाशी बसलेल्या पाहुणीला मी खोटारडी म्हणू?"

मी उभीच राहिले. बाईंनी शेजारची खुर्ची थोपटली. "आणि मी सांगितलं असतं तर त्याने तुला काम दिलंही असतं. मग तुझ्या ब्रोकरने, तुझ्या नवऱ्याने आणि सगळ्यात आधी तू स्वतः म्हटलं असतंस, म्हातारीने दया केली. मला तुला दया द्यायची नाहीये. माझं घर चांगलं विकलं जायला हवंय मला. ते तू विकू शकतेस का, ते मला ऐकायचंय." मग म्हणाल्या की उद्या सकाळी दुसरा एजंट येतोय आणि रविवारी मुलगा परत जातोय. "आज दुपारी ये. आणि दारातून येताना कामावर येतेय अशी ये."

दुपारी मी मरून लिपस्टिक लावली. दोनदा पुसून तिसऱ्यांदा लावली. मुलाशी हात मिळवला, त्याच्या डोळ्यांत बघून माझं पूर्ण नाव सांगितलं, जणू काल भेटलोच नव्हतो. मग मी त्याला जे माहीत नव्हतं ते सांगितलं. "तुमच्या आईचं घर दक्षिणमुखी आहे," मी म्हणाले. "या भागात घर घेणारे बरेचसे लोक माझ्या देशाचे आहेत. त्यातल्या पुष्कळांना दक्षिणेकडे तोंड असलेलं दार चालत नाही. ते मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन येतील, दारात उभे राहतील आणि आत न येताच परत जातील. ते का गेले हे दुसऱ्या एजंटला कळणारही नाही, तो किंमत उतरवायला सांगेल. मला कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही हे माहीत आहे. जे येतील त्यांना दाराऐवजी काय दाखवायचं हेही माहीत आहे. मागचं अंगण पूर्वेला मोकळं आहे, पेकनच्या झाडाखाली सकाळचं ऊन येतं, मी ओपन हाउस सकाळीच ठेवीन." एवढं बोलून मी थांबले. मग जे वाक्य आयुष्यात कोणालाही म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "हे काम मला द्या."

आणि गप्प बसले. त्या शांततेत माझ्या जिभेवर किमान सात वाक्यं येऊन गेली, सगळी 'म्हणजे तुम्हाला योग्य वाटलं तर'ने सुरू होणारी. मी ती गिळली. मुलगा कागदांकडे बघत होता. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. उद्याचा एजंट भेटून गेला की सांगतो, मुलगा म्हणाला. शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. तो एजंट म्हणे फार हुशार होता, पण दार कोणत्या दिशेला आहे हे विचारल्यावर त्याला बाहेर जाऊन बघावं लागलं. काम मला मिळालं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वा," आणि त्याहून जास्त काही बोलता येईना म्हणून चहा टाकायला लागला. पुणेकर नवऱ्याकडून यापेक्षा मोठं मानपत्र मिळत नाही.

ऑगस्टभर बाई आणि मी ते घर आवरत होतो. उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि आम्ही दोघी एसीमध्ये बसून चिनी मातीच्या बश्या कागदात गुंडाळतोय. प्रत्येक बशीची एक गोष्ट होती आणि बाई ती संपवल्याशिवाय बशी खाली ठेवत नव्हत्या. मला त्या महिन्यात कुठेही जाण्याची घाई नव्हती. एकदा त्या म्हणाल्या, "तू फार हळू पॅक करतेस." मी म्हणाले, "थँक्यू." बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

ओपन हाउसला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात त्या सकाळी, गर्दी झाली. एक तरुण मराठी जोडपं आलं, ती वर्ध्याची, तो पुण्याचा. त्यांनी दारातूनच व्हिडिओ कॉल लावून सासूबाईंना घर दाखवलं. सासूबाईंनी विचारलं, "दार कुठं बघतंय रे?" मी श्वास रोखून धरला. तो खरं बोलला. सासूबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "अंगणात काय छान झाड आहे. दारावर गणपती लाव. चालतं तसं." त्या वर्ध्याच्या मुलीने माझ्याकडे बघून ओठ दाबून हसू आवरलं. "काकू, तुम्ही शेजारीच राहता ना?" तिने विचारलं. "मग तर आम्हाला घ्यायचंच आहे." मला ती फार आवडली. संक्रांतीला हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं हे तेवढ्यात मी ठरवूनही टाकलं.

शेवटी दोन ऑफर उरल्या. एक या जोडप्याची. किंमत चांगली, आणि घर विकत घेऊन बाईंना डिसेंबरपर्यंत तिथेच राहू द्यायची तयारी. म्हणजे दसरा, दिवाळी, सगळं बाईंबरोबर. वसाहतीतली ती जागा गेली तर दुसरी कधीतरी मिळेल, असं त्या वर्ध्याच्या मुलीने भाबडेपणाने म्हटलंही. पण त्यांचं स्वतःचं आत्ताचं घर आधी विकलं गेलं तरच हा व्यवहार होणार होता, आणि ते घर मी बघून आले होते. ते लवकर विकलं जाणार नव्हतं. दुसरी ऑफर ओक्लाहोमाहून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षक नवरा-बायकोची. कर्ज नाही, अट नाही, दारं-दिशांशी देणंघेणं नाही. फक्त त्यांना घर तीन आठवड्यांत रिकामं हवं होतं.

बाई, मी आणि फोनवर जॉर्जियातला मुलगा, असे आम्ही रिकाम्या होत आलेल्या स्वयंपाकघरात बसलो. मी दोन्ही ऑफर वाचून दाखवल्या. मुलगा म्हणाला, "आई, तुझी इच्छा." बाईंनी फोनकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. लिपस्टिक लावलेली होती, मोती गळ्यात होते, पण त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा खूप म्हाताऱ्या दिसल्या.

"तू माझी एजंट आहेस," त्या म्हणाल्या. "मी काय करू?"

मला उत्तर ठाऊक होतं. ते आदल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. मला म्हणायचं होतं, दोन्ही चांगल्या आहेत, तुमचं तुम्ही ठरवा, माझं काय, मी काय सांगणार. नुसतं तेवढं म्हटलं असतं तरी बाई डिसेंबरपर्यंत थांबल्या असत्या, मला माहीत होतं. त्यांचंही मन इथून निघत नव्हतं. आणि मग वसाहतीतली जागा गेली असती, सौदा कदाचित मोडला असता, आणि त्या एकट्या घरात त्यांना तिसऱ्यांदा चक्कर आली असती.

"ओक्लाहोमावाल्यांची घ्या," मी म्हणाले. पुढे काही जोडलं नाही.

 बाईंनी टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मलाही तेच वाटत होतं. तू सांगशील का, एवढंच बघायचं होतं." फोनवरचा मुलगा 'हॅलो, हॅलो' करत होता. बाईंनी त्याला आपल्या नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं की निर्णय झालाय.

मी घरी आले आणि त्या शिक्षकांच्या एजंटला फोन लावला. अभिनंदन केलं, तारीख ठरवली, बाई कधी निघतील आणि किल्ल्या कोण देईल ते सांगितलं. सगळं स्पष्ट, हसऱ्या आवाजात, एकदाही न अडखळता. फोन ठेवला आणि मग मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मुलगी शाळेतून येईपर्यंत रडले.